टाले काकाजींची दुसरी प्रत

माझी हार्ड डिस्क मरणार असल्याची बातमी टाले काकाजींनी मला ती चांगली चालू असतानाच दिली. मी त्यांना चहाला बोलावलं होतं. म्हणजे खरं तर नवा कॉम्प्युटर दाखवायला बोलावलं होतं, चहा हे निमित्त. अमरावतीला आमच्या मागच्या गल्लीत ते राहत. एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेचकस. खोलीत आले, थबकले, मान तिरकी केली. चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. पेचकस काढून त्याचं टोक त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. आमच्या घरात इतकं लक्ष देऊन कुणी कधी माझंही ऐकलेलं नव्हतं.

"बाबू, हे कूलरच्या स्टँडवर कोनं ठेवलं?"

मीच ठेवलं होतं. मे महिन्यात कूलरपुढे माणसाला बरं वाटतं, तर यंत्रालाही वाटेल, असा माझा विचार. शिवाय स्टँड रुंद होता आणि टेबल घ्यायचा कंटाळा. काकाजींनी मला समजावलं की आत एक तबकडी गरगर फिरत असते, तिच्यावरून केसाएवढीही फट न ठेवता एक बारीक टोक सरकत असतं, आणि कूलरच्या मोटारीची थरथर दिवसभर त्या टोकाला हिसके देते.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "फोटो-गिटो असतीन ते काढून घे."

मी हसलो. बाराव्या दिवशी डब्यातून टकटक सुरू झाली, कुणी आतून दार वाजवावं तशी, आणि संध्याकाळपर्यंत थांबली. मेहुणीच्या लग्नाचे सगळे फोटो तिच्यात होते. सासुरवाडीला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, त्यांना आता हे वाचूनच कळेल.

काकाजींना आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंद झाला असता तर मला बरं वाटलं असतं. माणूस निदान माणसासारखा वाटला असता. पण ते आले, मेलेली डिस्क बाहेर काढली आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर काहीतरी लिहिलं. ही पट्टी त्यांनीच पहिल्या दिवशी डबा उघडून लावली होती. तिच्यावर डिस्क विकत घेतल्याची तारीख होती आणि पुढे एक आडवी रेघ. रेघेच्या पुढची जागा त्यांनी कोरी सोडलेली होती. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली गेल्याची तारीख असते, ती जागा. त्या दिवशी त्यांनी ती जागा भरली.

गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरी ते गेले तिथे ही पट्टी लागली. हळूहळू लोक त्यांना टाळायला लागले. नवीन कॉम्प्युटर आणला की पोरींना सांगायचे, काकाजी दिसले तर दार लोटून घ्या. समोरच्या घरातल्या बाईंनी तर कॉम्प्युटरवर साडी पांघरून ठेवली होती. काकाजी आत आले, साडीकडे बघत पाच मिनिटं बसले आणि जाताना म्हणाले, "पंखा घासते त्याचा. साडी काढा वहिनी, गुदमरून जाईन ते." रस्त्यात लोक एकमेकांना रामराम घालतात, हे विचारत, "दुसरी प्रत हाये ना?" सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारला की त्याचा दिवस जातो. आधी हसू येतं, मग कॉम्प्युटरच आठवतो असं नाही, काहीही आठवतं. माझ्या बाबतीत तर आईची औषधाची चिठ्ठी आठवली होती.

फोटो गेले त्या रागात मी हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, पातळ, हातात धरली तर वजन जाणवू नये. काकाजींकडे मुद्दाम घेऊन गेलो. म्हटलं, यात काही फिरत नाही, पडली तरी बिघडत नाही, कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू होतो, आणि आवाज तर अजिबात नाही.

"म्हनूनच तिचं भेव लागते," ते म्हणाले. "हार्ड डिस्क जाताना आवाज देते बाबू. मानसाले येळ भेटते. हे काईच बोलत नाई. आज हाये, उद्या नाई."

मग त्यांनी मला एक सल्ला दिला. तो मी पुढे ऑफिसात अनेकांना स्वतःचा म्हणून दिलेला आहे. काम कराले एसएसडी घे, ठेवाले हार्ड डिस्क घे, अन् जे गेल्यावर तुले जेवन जानार नाई ते दोन्हीवर ठेव, अन् त्यातली एक प्रत घराबाहेर ठेव. मी यातलं पहिलं वाक्य ऐकलं, कारण त्यात नवीन वस्तू घ्यायची परवानगी होती. आठ-नऊ महिन्यांनी एका सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर लिहून आलं की डिस्क सापडत नाही. तोवर टकटक नव्हती, कुरकुर नव्हती, काहीच नव्हतं. रविवारी होती. तिच्यात माझ्या दीडशे अप्रकाशित कविता होत्या.

मी सांत्वनासाठी टाल्यांकडे गेलो. कुसुमकाकूंनी चहा ठेवला आणि आपली दगडी पाटी पुढ्यात ओढून पेन्सिलीनं सुरेख अक्षरात लिहिलं, "त्यातल्या काही तू मला वाचून दाखवल्या होत्यास. फार वाईट वाटून घेऊ नकोस."

काकू बोलत नसत. बोलू शकत नसत. घशाचं ऑपरेशन झालं त्यात आवाज गेला. त्याआधी त्या शाळेत मराठी शिकवायच्या, आणि ज्यांनी त्यांना ऐकलं होतं ते सांगत की वर्गाबाहेरून जाणारे शिपाईसुद्धा रेंगाळायचे. मी अमरावतीला आलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्यामुळे मला काकू माहीत आहेत त्या पाटीवरच्याच. त्यांची चेष्टाही पाटीवर आणि रागही पाटीवर. राग आला की पेन्सिल करकरत असे आणि काकाजी आतल्या खोलीत जात.

या आवाजाची गोष्टच काकाजींची खरी गोष्ट आहे. डिस्का, पट्ट्या, पेचकस हे सगळं तिच्या भोवती उगवलेलं.

आवाज होता तेव्हा काकू दर रविवारी दुपारी अंध मुलींच्या एका शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचायच्या. आतल्या खोलीत दारं लावून, दारांवर गोधड्या टांगून, पंखा बंद. काकाजी रेकॉर्ड करायचे. पाचवीपासून दहावीपर्यंत इतिहास, भूगोल, मराठी. मग काकाजी ते साफ करून शाळेला द्यायचे. साफ म्हणजे चुका कापून, खोकला कापून. शाळेकडे ते अजूनही असेल. पण न कापलेलं त्यांनी कधी टाकलं नाही. त्यात नदीचं खोरं सांगता सांगता काकू मध्येच "अहो, कुकर बघा" म्हणतात, भंगारवाला ओरडत जातो, काकाजी "परत घे" म्हणतात, काकू "तुम्हीच घ्या" म्हणतात. हे मला काकाजींनीच सांगितलं. ते स्वतः हेडफोन लावून ऐकत, आणि काकू समोर असताना कधीच ऐकत नसत. मी एकदा म्हटलं, शाळेकडे चांगलं साफ केलेलं आहे की, मग हे कशाला जपता.

"साफ केलेली कुसुम शाळेत हाये," ते म्हणाले. "ही घरची."

ही घरची दोन ठिकाणी होती: एका हार्ड डिस्कवर आणि काकाजींनी कामाला वापरून वापरून जुन्या केलेल्या एका एसएसडीवर. दोन्ही कपाटात वेगवेगळ्या खणांत. आणि दर पोळ्याला काकाजी त्यांना बाहेर काढत. त्यांचं मूळ घर भातकुलीकडचं, वडिलांकडे बैलजोडी असायची. शेती भावाकडे गेली, बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी काकाजींचे हात गप्प बसत नसत. गावात त्या दिवशी बैलांचे खांदे तुपानं चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतन देतात. काकाजी कपाट उघडून डिस्का पुसत. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकेक करून कॉम्प्युटरला जोडत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाचून घेत. दिवस जायचा. मी थट्टेनं विचारलं, काकाजी, नैवेद्य? ते हसले नाहीत. म्हणाले, बसून राहिलेला बैल पायानं जातो, बसून राहिलेली डिस्क आतून जाते. हार्ड डिस्कचं तेल थिजतं. आणि एसएसडीत तर नुसती वीज धरून ठेवलेली असते, आपल्या उन्हाळ्यात ती न चालवता पडून राहिली की माठातल्या पाण्यासारखी झिरपत जाते. वरून माठ तसाच दिसतो.

मग माझी अकोल्याला बदली झाली, आणि काकाजींना एकदम घराबाहेरची जागा सापडली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एसएसडी माझ्या हातात ठेवली. घराबाहेर म्हणजे गावाबाहेर, ते म्हणाले, घराले आग लागो का चोर येवो, एक प्रत दुसऱ्या गावात पाहिजे. होळी, पोळा, दिवाळी, तीन वेळा तरी जोडून पूर्ण वाचून घे. तिच्यावर पट्टी होती: तारीख, रेघ, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ४१२ हा आकडा. मला तो कंपनीचा नंबर वाटला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "याच्याकडे?" आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी मोठ्यानं हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

अकोल्याला आम्हाला वरच्या मजल्यावरचं घर मिळालं. एसएसडी मी रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली, सोन्याच्या डब्याशेजारी. एवढी काळजी मी माझ्या कुठल्याच वस्तूची घेतलेली नव्हती. कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं, आणि अकोल्याची ती भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर हात लावू देत नाही. हे मला माहीत होतं. पण कपाट हलवायला चार माणसं लागतात.

होळीला फोन आला. "लावली का बाबू?" मी चादरीवर लोळत होतो. म्हटलं, लावली काकाजी. ते खूश झाले. पोळ्याला पुन्हा फोन. लावली. दिवाळीला मला वाटलं, नुसतं "लावली" म्हणणं फार कोरडं होतंय. खोटं बोलणारा माणूस कारागीर असतो, त्याला नक्षी काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, लावली आणि थोडं ऐकलंसुद्धा.

"काय ऐकलं?"

"इतिहास. सातवी."

मग त्यांनी विचारलं, "त्यात ते तहाचं कलम दोनदा चुकते अन् हासते, ते ऐकलं का?"

"ऐकलं ना. फार छान हसल्या."

त्यांनी तिथल्या तिथे ते काकूंना सांगितलं. मला फोनमधून ऐकू आलं: "बाबूनं तुह्यं हासनं ऐकलं म्हनते." त्यानंतर दर सणाला ते विचारत आणि मी ऐकलेलं सांगत असे. दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातच, एका सकाळी काकाजींचा फोन आला. सण नव्हता. त्यांचा आवाज मात्र शांत होता. घरची हार्ड डिस्क महिनाभर कुरकुरत होती, काकूंच्या तपासण्यांसाठी नागपूरला जावं लागलं म्हणून उशीर झाला, आता नवी आणून तिच्यावर उतरवायला घेतलं तर थोडं उतरलं आणि जुनी बंद पडली. चालतंच, ते म्हणाले, म्हणून तर तुझ्याकडे एक आहे. उद्या पहिल्या गाडीनं येतो.

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. एसएसडी रुमालात तशीच होती, स्वच्छ, नव्यासारखी. रात्रीतून जोडून बघायचं धाडस मला झालं नाही. मी स्वतःला सांगितलं की काहीच फिरत नाही, तर बिघडणार काय. मग माठ आठवला.

काकाजी सकाळीच आले. घाम पुसून पाणी प्यायले, सोबत आणलेली नवी हार्ड डिस्क टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवली आणि माझ्या कॉम्प्युटरला दोन्ही जोडल्या. फोल्डरांची नावं पडद्यावर आली. पाचवी, सहावी, सातवी. मी मोठा श्वास सोडला. काकाजींनी आणखी एक खिडकी उघडली. तिच्यात नुसते आकडे होते. त्यांनी चष्मा पुसला, एसएसडी उचलून पट्टीवरचा कोपरा पाहिला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"किती वेळा चालू झाली ते डिस्क सोताच लिहून ठेवते," ते म्हणाले. "तुले देली तवा चारशे बारा होते. आज चारशे तेरा हायेत."

मी पाण्याचा रिकामा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"हे आत्ताचं धरून," ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते पडद्याकडेच पाहत राहिले. मी "काकाजी, मी" एवढं म्हटलं, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं आणि कूलर बंद करायला सांगितलं. थरथर नको. आवाजही नको.

तीन दिवस आमच्या घरात कूलर लागला नाही. अकोल्यातला मे. आमची ही, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ओले पंचे दारांवर टांगत होती आणि माझ्याकडे बघत होती. काकाजी टेबलाशी बसून होते. एकेक रेकॉर्डिंग एसएसडीवरून वाचायचं, नव्या हार्ड डिस्कवर उतरवायचं, अडलं तर पुन्हा, पुन्हा अडलं तर आणखी एकदा. ते पेचकसाची मूठ कानामागे धरून नव्या हार्ड डिस्कचं ऐकत. एसएसडीकडून काहीच कळत नाही. पण नवी डिस्क लिहायला लागली की बारीक किरकिरते. ती किरकिरली म्हणजे काकूंचा आवाज येतो आहे. ती गप्प झाली म्हणजे येत नाही. मीही शेजारी बसून ऐकायला शिकलो. पहिल्या दिवशी किरकिर बराच वेळ चाले. दुसऱ्या दिवशी मधली शांतता लांबत गेली. एकदा पाऊण तास झाला तरी काही ऐकू आलं नाही, आणि काकाजी डोळे मिटून तसेच बसले होते, डिस्क काही बोलेल म्हणून. शेवटी त्यांनी कागदावर एक ओळ खोडली. सातवी, इतिहास.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात कुसुमकाकू उभ्या. एकट्या आल्या होत्या, पिशवीत पाटी. काकाजी उठलेसुद्धा नाहीत. काकूंनी पाटीवर लिहिलं, "किती?"

"तिसरा हिस्सा उतरला," काकाजी म्हणाले. "फार तर."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळालो, तर त्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. पाटी ओट्यावर ठेवून त्यांनी लिहिलं. पेन्सिल अजिबात करकरली नाही.

"मला माझं हसणं आठवत नाही. ह्यांना विचारलं तर सांगता येत नाही. तू तर ऐकलंस. कसं होतं?"

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे आणि तो रंगवून सांगण्यावर माझं बरंचसं नाव आहे. त्या वेळी एक वाक्य सहज सुचलं होतं, काहीतरी घुंगरांचं, पाण्याचं. काकूंनी ते घेतलं असतं, कदाचित घरी नेऊन ठेवलं असतं. मी म्हटलं, "काकू, मी ऐकलंच नव्हतं. एकदाही नाही."

काकूंनी पदरानं पाटी पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

दुपारी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. एसएसडी काकाजींनी मला परत दिली नाही आणि मागायची माझी हिंमत नव्हती. त्यानंतर मी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. दीड वर्षानं गल्लीतल्या कुणाकडून तरी कळलं की काकाजी गेले आणि काकू मुलीकडे राहायला गेल्या. त्यामुळे शेवटचे दिसले ते अकोल्याच्या स्टँडवर, अमरावतीच्या गाडीत. खिडकीशी काकू होत्या, शेजारी काकाजी. नवी हार्ड डिस्क त्यांनी मांडीवर ठेवलेली नव्हती. दोन्ही तळव्यांवर धरून मांडीच्या वर, अधांतरी उचलून धरली होती, आणि गाडी अजून सुरूही झाली नव्हती. मी खिडकीखाली उभा राहून म्हटलं, काकाजी, अडीच तास आहेत. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. कंडक्टर आला, त्यानं विचारलं कुठे. काकाजींचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि ते डिस्ककडे बघत होते. काकूंनी पाटी मांडीवर घेतली, "अमरावती, दोन" असं लिहिलं आणि कंडक्टरला नीट वाचता यावं म्हणून वर धरली.